घोडा आत कुणी ओढला? लग्नपत्रिकेच्या 'एपीके' फाइलची पन्नास वर्षांची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घाई असेल त्यांनी शेवटचा 'आता काय करायचं' हा भाग तरी वाचा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

तर झालं असं. आपल्या तालुक्यातले एक शेतकरी गृहस्थ आहेत, त्यांना मी इथे तात्या म्हणतो. त्यांना विचारूनच लिहितोय. गेल्या महिन्यात तात्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. खाली लिहिलेलं, 'सहकुटुंब यायचं हं.' तात्यांनी त्यावर बोट टेकवलं. फोनने इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी 'अलाऊ' दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. पत्रिका काही उघडली नाही. फाइल खराब असेल म्हणून फोन खिशात टाकला आणि ते धार काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी खात्यातून चाळीस हजार गेले. तात्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मुलगा ओरडेल, भावकीत चर्चा होईल, म्हणून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी उसाचं बिल जमा झालं आणि त्याच संध्याकाळी आणखी एक लाख सेहेचाळीस हजार गेले. पाचव्या दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "फोन बिघडलाय का, बघ रे जरा." मी बघायला लागलो तेव्हा हळूच म्हणाले, "माझ्याच हातानं दार उघडलं रे."

त्यांच्या मुलाने इतरांना सावध करायला ही हकिगत गावच्या ग्रुपवर टाकली. त्यावर हसण्याच्या इमोजी पडल्या. एका शिकलेल्या माणसाने लिहिलं, 'एवढं कळत नसेल तर स्मार्टफोन वापरायचा कशाला?' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मी गेली वीस-बावीस वर्षं डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका हाच माझा धंदा. ज्या कागदावर गणपती छापून मी पोट भरलं, त्या पत्रिकेच्या नावाखाली चोर घरात शिरतोय हे बघून वाईट वाटतं. शिवाय या विषयातलं माझं स्वतःचं एक पाप आहे, तेही आज सांगून टाकतो. पण आधी थोडा इतिहास बघू, कारण तात्यांना जे झालं त्याला मोठी परंपरा आहे.

नाव कुठून आलं

तात्यांच्या फोनमध्ये जे शिरलं त्याला 'ट्रोजन' म्हणतात. नाव आलंय ग्रीकांच्या जुन्या गोष्टीतून. ग्रीकांनी ट्रॉय शहराला दहा वर्षं वेढा घातला, तट काही पडेना. शेवटी त्यांनी लाकडाचा प्रचंड घोडा बनवला, पोटात सैनिक लपवले आणि घोडा वेशीबाहेर सोडून निघून गेल्याचं नाटक केलं. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात ही गोष्ट सविस्तर येते. त्यात एक पुजारी ओरडून सांगतो की याच्यावर विश्वास ठेवू नका. पण लोक ऐकत नाहीत. उलट घोडा आत यावा म्हणून ते स्वतःचा तट स्वतः पाडतात. रात्री सगळे झोपल्यावर घोड्याच्या पोटातले सैनिक बाहेर येतात.

ते का ऐकत नाहीत? ते मूर्ख होते म्हणून नव्हे. तो देवीला अर्पण केलेला घोडा आहे असं त्यांना सांगितलं होतं. देवाचं दान नाकारायचं कसं? ग्रीकांनी त्यांच्या श्रद्धेला हात घातला. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं नाकारत नाहीत. चोराने तेच हेरलं.

संगणकात व्हायरस, वर्म आणि ट्रोजन हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. ढोबळ फरक असा. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म नेटवर्कमधून किंवा पेनड्राइव्हमधून आपापला फिरतो. ट्रोजन स्वतःहून शिरत नाही. तो उपयोगी वस्तूचं सोंग घेऊन दाराशी उभा राहतो आणि दार माणूस उघडतो. संगणकाच्या दुनियेत हा शब्द १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. अमेरिकन हवाई दलासाठी संगणक-सुरक्षेचा अभ्यास चालला होता, त्या अहवालांमध्ये तो सापडतो. म्हणजे घराघरात संगणक येण्याच्या आधीच हा धोका जाणकारांनी ओळखला होता.

पहिला घोडा निरुपद्रवी होता

१९७५ सालची गोष्ट. अमेरिकेत जॉन वॉकर नावाचा प्रोग्रामर युनिव्हॅक नावाच्या मोठ्या संगणकावर काम करायचा. पुढे ज्या मंडळींनी ऑटोडेस्क, म्हणजे ऑटोकॅडवाली कंपनी काढली, त्यांतला हा एक. त्याने 'अ‍ॅनिमल' नावाचा खेळ लिहिला होता. तुम्ही मनात एक प्राणी धरायचा, प्रोग्राम प्रश्न विचारून तो ओळखणार. खेळ लोकांना इतका आवडला की जो तो टेपवर कॉपी मागायला लागला. टेपा पाठवून वैतागलेल्या वॉकरने एक युक्ती केली. खेळाच्या आत दुसरा एक छोटा प्रोग्राम घातला. तुम्ही प्राणी ओळखण्यात रमलेले असताना तो गुपचूप तुम्हाला जिथे जिथे लिहायची परवानगी आहे तिथे तिथे खेळाची प्रत ठेवायचा. खेळ संगणकभर पसरला, आणि टेपांची देवाणघेवाण व्हायची तसा एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयातही गेला.

त्याने नुकसान काहीच केलं नाही, वॉकरने तशी काळजीच घेतली होती. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. तो प्रोग्राम फक्त खेळणाऱ्याची परवानगी वापरत होता. वरच्या पदावरचा माणूस खेळला तर त्याचे अधिकार जिथवर पोचतात तिथवर प्रोग्राम पोचायचा. आज तात्यांच्या फोनमध्ये तेच घडलं. त्या फाइलने काही फोडलं नाही. तात्यांची परवानगी घेतली आणि ती वापरली.

आणि ते युनिव्हॅक चालवणारे लोक कोण होते? त्या काळी संगणकाला हात लावू शकणारे निवडक, शिकलेले लोक. ग्रुपवरच्या त्या शिकलेल्या भाऊंनी हे लक्षात घ्यावं.

१९८३ साली तर केन थॉम्पसन या युनिक्सच्या जनकांपैकी एकाने ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं की प्रोग्राम तयार करणाऱ्या प्रोग्राममध्येच, म्हणजे कंपायलरमध्येच, घोडा लपवता येतो. मग मूळ कोड ओळ न् ओळ वाचला तरी तो दिसणार नाही. त्याचं म्हणणं साधं होतं, जो कोड तुम्ही स्वतः लिहिलेला नाही त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. आता सांगा, आपल्यापैकी कुणी स्वतःच्या फोनचा कोड लिहिलाय? म्हणजे आपण सगळेच विश्वासावर चाललोय.

पोस्टाने आलेली फ्लॉपी

डिसेंबर १९८९. लंडनमधून सुमारे २०,००० पाकिटं पोस्टात पडली. प्रत्येकात एक फ्लॉपी होती आणि वर लिहिलं होतं, एड्सची माहिती. पत्ते कुठले? एका संगणक मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीतले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेल्या लोकांच्या यादीतले. म्हणजे डॉक्टर, संशोधक, संगणक जाणणारे लोक. त्या वर्षांत एड्सची भीती केवढी होती ते आठवा. ज्याला माहिती हवीच आहे त्याच्या दारात माहितीचं पाकीट पडलं होतं.

फ्लॉपीत खरोखरच एक प्रोग्राम होता, जो प्रश्न विचारून तुम्हाला धोका किती ते सांगायचा. पण इन्स्टॉल करताना संगणक सुरू होण्याच्या फाइलमध्ये तो आपला माणूस बसवून ठेवायचा. हा माणूस संगणक किती वेळा सुरू झाला ते मोजत बसायचा. साधारण नव्वदाव्या खेपेला तो जागा व्हायचा, हार्ड डिस्कवरच्या फाइलींची नावं सांकेतिक करून टाकायचा, फोल्डर लपवायचा आणि पडद्यावर सांगायचा की १८९ डॉलर पनामाच्या एका पोस्ट बॉक्सवर पाठवा. आज ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, त्याची सुरुवात इथून धरतात. गंमत म्हणजे पाकिटातल्या पत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की पैसे भरले नाहीत तर तुमच्या संगणकाचं नुकसान होईल. वाचलं कुणी? आपण आज 'आय अ‍ॅग्री' दाबतो तेव्हा वाचतो का?

यामागचा माणूस जोसेफ पॉप, हार्वर्डमध्ये शिकलेला जीवशास्त्रज्ञ. त्याला अमेरिकेत पकडून ब्रिटनला नेलं, पण मानसिकदृष्ट्या खटला चालवण्याजोगा नाही म्हणून सुटला.

आता यातला महत्त्वाचा भाग. जिम बेट्स नावाच्या ब्रिटिश तज्ज्ञाने तो प्रोग्राम शांतपणे उलगडून बघितला. त्याच्या लक्षात आलं की फाइलींच्या आतला मजकूर शाबूत आहे, फक्त नावं बदललीत आणि फोल्डर लपवलेत. आणि कुलूप सगळ्या संगणकांवर एकच आहे. त्याने दोन छोटे प्रोग्राम लिहून फुकट दिले, एक घोडा काढून टाकायला आणि दुसरा फाइली परत मिळवायला. ज्यांनी थोडा दम धरला त्यांचं सगळं परत मिळालं. पण काहींनी घाबरून डिस्कच पुसल्या. इटलीतल्या एड्सवर काम करणाऱ्या एका संस्थेचं दहा वर्षांचं काम असंच गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे घोड्याने केलेल्या नुकसानापेक्षा घाबरलेल्या माणसाने केलेलं नुकसान मोठं.

माझं पाप

हे वाचलं तेव्हा मला माझं दुकान आठवलं. साल २००८. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एका मित्राकडून 'क्रॅक' केलेली सीडी आणली. तेव्हा आमच्या धंद्यात सर्रास चालायचं. सीडीवर चिठ्ठी होती, 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.' आज वाचताना हसू येतं. वॉचमनला घरी पाठवा, मग आम्ही येतो, असं चोर सांगतोय आणि मी पाठवलं! बारावी पास, संगणकाचे दोन कोर्स केलेला, दुकानावर 'कॉम्प्युटर सेंटर' अशी पाटी लावलेला मी.

सॉफ्टवेअर झक्कास चाललं. पण आठ दिवसांत माझ्या संगणकाला लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी फोल्डरसारखं चित्र असलेल्या 'ईएक्सई' फाइली दिसायला लागल्या. त्या घोड्याच्या पोटातून बाहेर आलेलं काहीतरी पेनड्राइव्हवर बसून गावभर फिरत होतं. शाळेत, पतसंस्थेत, सगळीकडे. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे चित्र फोल्डरचं दिसलं की लोक उघडायचे.

एके दिवशी शाळेचे मुख्याध्यापक पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे फोटो होते, स्मरणिका छापायची होती. उघडून बघतो तर एकही फोटो दिसेना. मी घाबरलो. आपल्याच दुकानातून हा रोग गेलाय हे मला कळलं होतं. मी पटकन पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि सरांना सांगितलं, "सर, व्हायरसने सगळं खाल्लं."

दोन वर्षांनी कळलं की त्या प्रकारात मूळ फोल्डर पुसले जात नव्हते. ते फक्त लपवले जायचे. काळ्या खिडकीत 'अ‍ॅट्रिब'ची एक ओळ टाइप केली असती तर सगळे फोटो परत दिसले असते. व्हायरसने काही खाल्लं नव्हतं. मीच पुसलं. त्यांनी मला दोष दिला नाही, उलट चहा पाजून गेले. सर आता नाहीत. स्मरणिका चार जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर निघाली. आज पहिल्यांदा लिहितोय हे. लाज वाटली म्हणून इतकी वर्षं गप्प होतो. तात्या गप्प बसले, तसाच.

आपल्याकडची लढाई

त्याच काळात आपल्याच पुण्यात दुसरं चित्र होतं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारे कैलास काटकर संगणक दुरुस्तीत उतरले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस फार, म्हणून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करायचे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात त्यातूनच क्विक हील उभं राहिलं. दुकानात बसून समोरच्या गिऱ्हाइकाचा संगणक नेमका कशाने बिघडलाय हे बघण्याची सवय, हे त्यांचं भांडवल. मी मात्र फॉरमॅट मारत बसलो होतो.

दरम्यान जगात ट्रोजनचा धंदा झाला. २००७ च्या सुमारास 'झ्यूस' आला, जो बँकेच्या पानावर तुम्ही टाइप केलेला पासवर्ड टिपून घ्यायचा. २०१४ मध्ये 'इमोटेट' आला. तो वर्डच्या फाइलीतून यायचा. फाइल उघडली की सांगायची, 'नीट दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा.' पुढे पुढे तर तो तुमच्याच जुन्या ईमेलला उत्तर म्हणून यायला लागला. नाव ओळखीचं, विषय ओळखीचा, आत घोडा. मोठमोठ्या सरकारी कार्यालयांनी आणि कंपन्यांनी तो आत घेतला. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, ब्रिटन, युक्रेनसह आठ देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच सर्व्हरवरून तो लोकांच्या संगणकांतून २५ एप्रिल २०२१ रोजी काढून टाकला.

आणि पुण्याची कॉसमॉस बँक आठवते ना? ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरवून हल्लेखोरांनी एक खोटी यंत्रणा मधे उभी केली. एटीएमवरून विचारणा आली की खात्यात पैसे आहेत का ते खऱ्या यंत्रणेला न विचारताच ती 'हो, द्या' म्हणायची. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी निघाले. आपल्या कोल्हापुरातल्या एटीएमवरूनही निघाले. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण ९४.४२ कोटी. बँकेने तक्रार केली, तपास झाला आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

तेव्हा कुणी म्हणालं का की, 'एवढं कळत नसेल तर बँक चालवायची कशाला?' नाही म्हणालं, आणि म्हणूही नये. पण तात्यांना म्हणालो. मोठी संस्था फसली की तो हल्ला आणि शेतकरी फसला की तो अडाणीपणा, हा कुठला न्याय?

पत्रिकेच्या पोटात काय असतं

खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. 'एपीके' म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं अ‍ॅप. 'लग्नपत्रिका डॉट एपीके', 'आरटीओ चलन डॉट एपीके', 'पीएम किसान डॉट एपीके' अशा नावांनी फिरतंय. बोट टेकवलं की फोन विचारतो, बाहेरचं अ‍ॅप टाकू का? हो म्हटलं की पुढे एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तीच खरी किल्ली. बँकेचा ओटीपी आला की तुम्ही बघण्याआधी तो चोराकडे जातो. काही अ‍ॅप 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मागतात, म्हणजे पडदा वाचायचा आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा. मग अ‍ॅप स्वतःचं चिन्ह लपवतं आणि काही वेळा तुमच्याच नंबरवरून तुमच्या सगळ्या पाहुण्यांना तीच पत्रिका पाठवतं. तात्यांना ज्या नंबरवरून आली तो बिचाराही असाच फसलेला होता.

आता काय करायचं

फोनवर अशी फाइल उघडली गेली असेल तर:

१. फोनचा 'एअरप्लेन मोड' लावा आणि वायफाय बंद असल्याची खात्री करा. घोड्याच्या पोटातल्या माणसाला बाहेरचा हुकूम मिळणं थांबतं.

२. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, खातं आणि यूपीआय थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही तक्रार होते. पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, पण वेळेत कळलं तरच.

३. काही पुसण्याआधी मेसेज, नंबर, फाइलचं नाव यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. ग्रुपमधून पत्रिका डिलीट करायची घाई नको, तो पुरावा आहे.

४. फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. पॉवरचा मेनू आणून 'बंद करा'वर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये हा पर्याय येतो. यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी बघा. अनोळखी किंवा बिनचिन्हाचं अ‍ॅप दिसलं तर काढा. निघत नसेल तर आधी 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' यांतून त्याची परवानगी काढा, मग निघतं.

५. मग फोन नेहमीसारखा सुरू करा. प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्ट चालवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा, आपलं नसेल ते काढा. कॉल दुसरीकडे वळवले नाहीत ना, तेही सेटिंगमध्ये तपासा.

६. शंका राहिलीच तर फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन 'फॅक्टरी रीसेट' करा. हे शेवटी, आधी नाही. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बदला.

संगणकावर असेल तर:

१. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. त्या संगणकावर बँकेचा पासवर्ड अजिबात टाइप करू नका.

२. अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा. विंडोजमध्ये 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' नावाची सोय आधीपासून असते. ती विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत तपासते, त्यामुळे लपलेला घोडाही सापडू शकतो.

३. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप'ची यादी बघा. १९८९ च्या फ्लॉपीपासून यांची सवय तीच आहे, संगणक सुरू होताना आपला माणूस बसवायचा. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शनही काढा.

४. सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे. त्यांच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात. संगणक परत इंटरनेटला जोडण्याआधी ती चांगल्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये उतरवून घ्या.

५. एवढं करूनही संशय असेल तर कामाच्या फाइली वेगळ्या काढा, त्या तपासून घ्या आणि मगच विंडोज नव्याने टाका. फाइली 'गेल्या' असं वाटलं तर आधी त्या लपल्यात का बघा. माझ्यासारखं करू नका.

आणखी एक गोष्ट, जी तात्यांना कुणी सांगितली नव्हती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढलंय. ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले असं ठरलं, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेवर येते. आणि चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. म्हणजे कळवल्याची वेळ ही पैशाइतकीच किमती आहे. कळवल्यावर तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा.

आता हिशेब करा. चोराने पहिल्या दिवशी चाळीस हजार नेले. त्याच दिवशी तात्यांनी बँकेला सांगितलं असतं, तर खातं थांबलं असतं आणि उसाच्या बिलातले एक लाख सेहेचाळीस हजार घरात राहिले असते. वर्षभराच्या घामाचा पैसा. तो त्यांनी लाजेपायी गमावला. आणि ती लाज कुठून आली? ग्रुपवर आपण हसतो ना, तिथून आली. पुढच्या वेळी कुणाची आई, कुणाचे सासरे असंच 'अलाऊ' दाबतील आणि त्या इमोजी आठवून चार दिवस गप्प बसतील.

म्हणून माझी एकच विनंती. घरात आजच सांगून ठेवा, "असं काही दाबलं गेलं तर लगेच सांगा, कुणी ओरडणार नाही." आणि मग खरोखर ओरडू नका.

दुकानात मी कागद चिकटवलाय. कुणालाही फोनची शंका आली तर घेऊन या, तपासायचे पैसे नाहीत. मुख्याध्यापक सरांचे फोटो काही परत आणता येत नाहीत, पण एवढं करता येतं. तात्या परवा येऊन बसले होते. दुसऱ्या एका काकांना ते स्वतःच समजावून सांगत होते की खरी पत्रिका कधी परवानगी मागत नाही.

पोस्ट कॉपी करा, शेअर करा, नाव नाही टाकलं तरी चालेल. तुमच्याकडे असा प्रकार झाला असेल तर खाली लिहा. इथे कुणी हसणार नाही, हसणाऱ्याची कमेंट मी उडवणार आहे.